खर्जाची तार

"गेलं परत," अण्णा म्हणाले.

मी टेबलाखाली वायरी धरून बसले होते. घाईनं उठायला गेले आणि डोकं फळीवर आपटलं. वर जुन्या टीव्हीच्या पडद्यावर निळा चौकोन थरथरला, काळा झाला आणि पुन्हा पहिल्यापासून उगवला. यंत्र आपलं आपणच बंद पडायचं आणि आपलं आपणच सुरू व्हायचं.

"काय केलंत आत्ता?"

"काही नाही. कार्ड लावलं, बटण दाबलं. मेमरी मोजायला लागलं आणि अर्ध्यातच मान टाकली."

"कार्ड काढा बघू."

अण्णांनी टेबलावर ओणवं होऊन हात यंत्राच्या मागे घातला आणि चाचपडत कार्ड उपसलं. पुन्हा बटण दाबलं. यंत्र निमूटपणे चालू झालं.

"बघ. कार्ड नसलं की काही तक्रार नाही. कार्ड लावलं की लगेच धाप लागते. पॉवर कमी पडतेय, माले. कार्डाला जास्त लागते, ती मिळत नाही."

"अण्णा, हे तुम्ही मला गेल्या शनिवारीही सांगितलंत."

"मग गेल्या शनिवारीच दुरुस्त करायचं होतंस."

असे होते आमचे अण्णा. आवटी सर म्हणून अख्ख्या मिरजेत ओळख, कॉलेजात गणित शिकवण्यात जन्म गेला, आणि घरातल्या माणसाला शाबासकी देताना जिभेला जणू फोड यायचे. मी पुण्यात ट्रान्सफॉर्मरच्या कारखान्यात तपासणी विभागात होते. माझ्या सहीशिवाय तिथून एक ट्रान्सफॉर्मर बाहेर पडत नसे. आणि इथे वीतभर लांबीचं, हार्मोनियमच्या पट्ट्यांसारखी बटणं असलेलं एक म्हातारं यंत्र मला दर शनिवारी टेबलाखाली बसवत होतं.

आदल्या हिवाळ्यात आई गेली आणि अण्णा त्या घरात एकटे राहिले. एकटे म्हणजे कसे, तर दूध तापवायला ठेवायचं आणि विसरायचं. एकदा गॅस नुसताच सुरू राहिला. शेजारच्या नूरचाचांना वास आला म्हणून निभावलं. मग एकदा न्हाणीघरात घसरून पडले आणि बराच वेळ तसेच पडून राहिले. हेही मला नूरचाचांकडूनच कळलं. अण्णांनी फोनवर फक्त उन्हाचं सांगितलं होतं.

तेव्हापासून मी आठवडाभर कारखाना आणि शनिवारी मिरज असं सुरू केलं. एसटीत बसले की डोळा लागायचा आणि कऱ्हाडला कुणाच्या तरी पिशवीचा धक्का लागून जाग यायची. घरी नवरा म्हणायचा, "अगं, त्यांना घेऊन ये इकडं. खोली रिकामीच आहे." जणू काही मी विचारलं नव्हतं! दर खेपेला विचारत होते. अण्णांचं उत्तर ठरलेलं.

"येतो म्हटलं ना. खर्ज वाजला की येतो."

हा खर्ज काय, ते सांगायला हवं. आई गाणं शिकवायची. दुपारी चार-पाच मुली मधल्या खोलीत सतरंजीवर बसायच्या. शिकवताना हार्मोनियमला दोन्ही हात गुंतलेले, मग तंबोरा छेडणार कोण? मुलींना छेडायला दिला तर त्या छेडता छेडता गायच्याच विसरत. तेव्हा एका विद्यार्थ्यानं परदेशातून येताना अण्णांसाठी हे यंत्र आणलं, म्हणजे टीव्हीला जोडायचा घरगुती कॉम्प्युटर. अण्णांनी जाहीर केलं की आपण यावर तंबोरा वाजवून दाखवू. एकदा बटण दाबलं की वाजतच राहील. मिरजेत, जिथे हाकेच्या अंतरावर तंबोरे घडतात, तिथे!

अण्णांनी रात्रंदिवस गणितं केली. पंचम वाजला. जोडाच्या दोन तारा वाजल्या. चौथी तार, खर्जाची, सगळ्यात खालची आणि लांब घुमणारी. तिचे आकडे त्या यंत्राच्या डोक्यात मावेनात. तंबोरा तीन तारांवरच राहिला. आईनं ऐकला, म्हणाली, "छान आहे, पण पाया नाही." आणि आपल्या मुलींकडे वळली.

एवढ्या वर्षांनी अण्णांना कुणीतरी इंटरनेट दाखवलं, आणि त्यांना जर्मनीतला एक म्हातारा सापडला. तो अशा जुन्या यंत्रांसाठी मेमरीची नवी कार्डं घरी बनवायचा. यंत्राच्या मागच्या फटीत कार्ड बसवलं की जागाच जागा. कार्ड आलं, अण्णांनी बसवलं, आणि आमचं हे असं सुरू झालं.

"आली का इंजिनीअर?" दारातून नूरचाचांचा आवाज आला. ते पिढीजात तंबोरे करणारे. आता हात कापायचा म्हणून मुलांनी काम बंद करवलं होतं, पण कान शाबूत होते. सकाळचा चहा ते आमच्याकडेच घेत.

"आलीय. आणि आल्यापासून माझ्यावरच डाफरतेय," अण्णा म्हणाले.

"सर, मी काय म्हणतो, माझा एक तंबोरा घेऊन ठेवा इथं. मी येतो रोज, छेडतो. तुम्ही ऐका. पोरीला कशाला दमवता?"

"तुझा हात कापतो."

"तुमच्या मशिनीचं तर सगळं अंगच कापतंय."

मला हसू आलं. अण्णांना आलं नाही.

मी त्या दिवशी नवा अडॅप्टर आणला होता. मूळचा अडॅप्टर म्हणजे विटेएवढा काळा ठोकळा, चालू केला की गुणगुणायचा आणि हात लावला तर भाजायचा. म्हातारा झालेला अडॅप्टर आणि वर नव्या कार्डाचा भार, म्हणून व्होल्टेज कोसळत असणार, हा सरळ हिशेब. मी कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत स्वतः गुंडाळून दुप्पट ताकदीचा नवा बनवला होता. आमच्या फोरमननं विचारलंही, "मॅडम, हा कुठल्या ऑर्डरचा?" मी म्हटलं, "वडिलांच्या." तो बिचारा मान हलवून कामाला लागला.

अडॅप्टर लावला. कार्ड लावलं. बटण दाबलं. मेमरी मोजायला सुरुवात झाली. आम्ही तिघंही पडद्याकडे बघत होतो. नूरचाचांनी तर बशी तोंडाशी नेलेली तशीच धरून ठेवली.

निळा चौकोन थरथरला आणि गेला.

"हात्तिच्या!" नूरचाचा म्हणाले.

मग पुढचा शनिवार. घराची वायरिंग जुनी, म्हणून मी वेगळी वायर ओढून थेट मीटरपासून लाईन घेतली. फ्रिज बंद केला, पंखे बंद केले, उकाड्यात घाम पुसत बसलो. गेलं. त्याच्या पुढच्या शनिवारी यंत्र उघडून आतला रेग्युलेटर बदलला, म्हणजे पाच व्होल्ट धरून ठेवणारा तो छोटा भाग. कपॅसिटर बदलले, ते तर फुगूनच बसले होते. मला वाटलं, सापडलं! कार्ड काढून यंत्र चालवलं तर पडद्यावरची अक्षरं पूर्वी कधी नव्हती इतकी स्वच्छ दिसली. अण्णा चक्क म्हणाले, "बरं केलंस." मग कार्ड लावलं आणि गेलं.

मी स्क्रू ड्रायव्हर टेबलावर टाकला. फेकलाच म्हणा ना.

"बास. आता बास, अण्णा. मला नाही जमत. माझी पाठ गेली, माझे शनिवार गेले, घरी मुलगी विचारते की आई, तू आमच्याकडं कधी येणार. कशाला हवाय तुम्हाला हा खर्ज? बाजारात तयार तंबोऱ्याची पेटी मिळते, आईनं घेतली होतीच की! चारही तारा वाजतात. ती तिथं कपाटात आहे. ती लावा आणि चला माझ्याबरोबर."

अण्णांनी चष्मा काढला. मोतीबिंदूमुळे चष्म्यानं फारसं दिसत नसे आणि चष्म्याशिवाय मुळीच नाही.

"ती पेटी तिनं स्वतः आणली," ते म्हणाले. "मला न विचारता. मी तिला शब्द दिला होता, आणि तिला बाजारातून आणावी लागली."

"आईला त्याचं काही नव्हतं हो."

"तुला काय ठाऊक? तुला ती खंडेनवमी आठवते का?"

आठवत होती. मी शाळेत होते. यंत्र घरात आल्यावरची पहिलीच खंडेनवमी. आईनं सकाळी सगळी हत्यारं-अवजारं पुसून मांडली होती: विळी, कात्री, शिलाईचं मशीन, तंबोरा, माझी कंपासपेटी. सगळ्यांना हळदकुंकू, अक्षता, झेंडूचं फूल. आणि यंत्रावरही. बटणांच्या मधोमध तिनं कुंकवाचं ठसठशीत स्वस्तिक काढलं होतं, वर तेलाचं बोट, वर अक्षता. अण्णा आंघोळ करून बाहेर आले आणि त्यांनी ते पाहिलं.

"ही काय चूल आहे?" केवढ्यानं ओरडले होते! "अडाणीपणाला काही सीमा? विजेचं यंत्र आहे हे, दगडाचा देव नाही!" आईच्या दोन विद्यार्थिनी पूजेची फुलं आणि नारळ घेऊन आल्या होत्या, त्या दारातच थिजल्या. अण्णांनी स्पिरिट आणलं, कापूस आणला आणि तिच्यासमोर, त्या मुलींसमोर, ते स्वस्तिक पुसून काढलं. आईनं तबक उचललं आणि आत गेली.

"त्या दिवसापासून तिनं या यंत्राला हात लावला नाही," अण्णा म्हणाले. "नावसुद्धा घेतलं नाही. 'तुमचं ते' म्हणायची. मी तीन तारा वाजवून दाखवल्या तेव्हा दारात उभं राहून ऐकलं तिनं. आत नाही आली. मी काय करायचो, दर खंडेनवमीला चपला घालायचो आणि घराबाहेर पडायचो. नको ते बघणं आणि नको ते बोलणं."

तेही मला आठवत होतं. दारात उभं राहून, चपला घालता घालता, दरवर्षी तेच वाक्य. "मी तासाभरानं येतो. तोवर तुमचं काय ते उरकून घ्या." परत येत तेव्हा दारातल्या स्कूटरला झेंडूची माळ असे. ती ते काढत नसत, तिच्याबद्दल बोलतही नसत. ती वाळून गळून पडेपर्यंत तशीच कॉलेजला नेत.

"माफी मागायची होती मला," अण्णा म्हणाले. "बोलून ती आपल्याला जमत नाही. म्हटलं, खर्ज वाजवून दाखवू. मेमरी नव्हती तोवर तेही नाही. आता मेमरी आहे तर ती नाही." त्यांनी चष्मा पुन्हा लावला. "म्हणून हवाय. झालं समाधान?"

मी स्क्रू ड्रायव्हर उचलला. दुसरं काय करणार होते?

नंतरच्या खेपेला मी रविवारी सकाळी शांतपणे बसले. कारखान्यात नव्या पोरांना मी रोज सांगते की अंदाजानं भाग बदलत बसू नका, जिथून वीज निघते तिथून जिथे पोचते तिथपर्यंत पावलापावलानं मोजत जा. घरी मात्र मी अण्णांच्या घाईला घाई लावून नुसते भाग बदलत सुटले होते. आता मल्टिमीटर घेतला. अडॅप्टरपाशी मोजलं, उत्तम. रेग्युलेटरपाशी मोजलं, पाच व्होल्ट, हलत नाहीत. कार्ड लावून पुन्हा रेग्युलेटरपाशी मोजलं, तरी पाच. मग सुई कार्डावर ठेवली.

चारच्या थोडं वर. आणि आकडा डुगडुगतोय.

"अण्णा, यंत्रात पाच आहेत आणि कार्डावर चार. मधला एक कुठं गेला?"

"मध्ये काय आहे?"

"मध्ये फक्त ती फट आहे. कार्ड बसतं ती."

"ती मी साफ केलीय. आल्या आल्या. खोडरबरानं."

"फट की कार्ड?"

अण्णा म्हणाले, "कार्डाचे पाय घासले. फटीत खोडरबर जातं होय?"

मी कपाळावर हात मारला. एवढे शनिवार मी त्यांच्या 'साफ केलीय'वर विसंबून काढले होते! नूरचाचा चहा घेत बसले होते, त्यांनी हळूच बशी खाली ठेवली आणि छताकडे बघायला लागले.

ते टेबल भिंतीला लावलेलं, वर टीव्हीचं ओझं, खाली वायरींचं जाळं. यंत्र आल्यापासून ते कधी हललेलं नव्हतं. मी यंत्र वरून उघडायचे, तेही तोंड आपल्याकडे ठेवून. त्याची पाठ कुणी बघितलीच नव्हती. आता मी सगळ्या वायरी काढल्या, यंत्र उचलून खिडकीपाशी नेलं आणि पहिल्यांदाच पाठमोरं ठेवलं.

बाहेरून मागची बाजू जवळजवळ स्वच्छ होती. गेल्या काही महिन्यांची वरवरची धूळ, तिच्याखाली जुना थर नाही, म्हणजे आधी आई पुसत असणार. फटीत मात्र टॉर्च मारला तर आत काळपट लाल चिकट थर. कार्डाचे पाय धरणाऱ्या पितळी पाकळ्या दिसायला हव्यात, तिथे बुरसटलेलं काहीतरी.

"गंज चढलाय," मी म्हटलं. "हवेनं असेल."

पट्टीच्या टोकाला फडक्याचा तुकडा गुंडाळला, स्पिरिटमध्ये बुडवला आणि आत सरकवला. बाहेर काढला तर फडकं लाल झालं होतं. गंजाचं तांबूस नव्हे, चांगलं लालभडक.

मी ते नाकाशी नेलं. स्पिरिटच्या वासाखालून तेलाचा खवट वास आला, आणि त्याच्याही खालून दुसरा एक, आमच्या देवघराचा.

"काय आहे?" अण्णांनी विचारलं.

मी दुसरं फडकं घातलं. तेही लाल, आणि या वेळी कडेला पिवळं. मग चिमट्यानं आत काहीतरी कडक लागलं. ओढून काढलं. तांदळाचा दाणा होता, हळदीनं पिवळा झालेला, एका टोकाला काळा पडलेला. आणखी एक निघाला. आणखी एक, त्याचा भुगाच झाला होता.

"अण्णा, हात पुढं करा."

त्यांनी तळहात पुढे केला. मी दाणे त्यावर ठेवले. त्यांना दिसेनात, म्हणून त्यांनी दुसऱ्या हाताच्या बोटांनी ते चाचपले.

"तांदूळ?"

"अक्षता आहेत, सर," नूरचाचा म्हणाले. ते उठून जवळ आले होते. "आणि हे कुंकू. माझ्या तंबोऱ्यांना पण वहिनी लावायच्या. मला वास ओळखू येतो."

अण्णांना कळायला वेळ लागला. मी बघत होते. गणितज्ञाच्या चेहऱ्यावर एकेक पायरी उमटत गेली.

"पण मी तर... त्या दिवशी पुसलं होतं. सगळं पुसलं होतं."

"ते पुढचं पुसलंत. हे मागचं आहे. आणि हे एका वर्षाचं नाही, अण्णा. थरावर थर आहेत. तेल, कुंकू, पुन्हा तेल. बाहेर दिसू नये म्हणून बोट आत घालून लावलंय आणि बाहेरचं पुसून घेतलंय."

"कधी? मी कायम या खोलीत असायचो."

"कायम नाही. वर्षातून एकदा तुम्ही तासाभरासाठी बाहेर जायचात."

अण्णा खुर्चीवर बसले. मूठ मिटून घेतली होती त्यांनी. आधी त्यांच्या खांद्यांना हिसके बसले, मला वाटलं रडतायत. ते हसत होते.

"म्हणजे सगळी वर्षं..." त्यांना बोलवेना. "सगळी वर्षं फसवलं मला! माझ्याच घरात! माझ्याच यंत्राच्या मागे!" आणि हसता हसताच ते रडायला लागले. मी अण्णांना रडताना आईच्या दहनाच्या वेळीही पाहिलं नव्हतं. "मला वाटायचं, तिनं कधी माफ केलं नाही. मला तसंच वाटत राहिलं, माले. एकदा तरी सांगायचं होतं तिनं."

मला त्यांची कणव आली आणि रागही आला, दोन्ही एकदम. रागच आधी तोंडातून बाहेर पडला.

"सांगितलं असतं तर तुम्ही पुसून टाकलं असतं."

"हो," ते म्हणाले. "पुसलं असतं."

नूरचाचांनी रिकामी बशी उचलली आणि स्वयंपाकघरात धुवायला घेऊन गेले.

खरं सांगायचं तर मी आईवरही चिडले होते. एवढा सगळा उन्हाळा, एवढ्या एसटीच्या खेपा, माझी पाठ, आणि कारण काय तर हिचं कुंकू! तिला काय ठाऊक होतं, ती फट कशासाठी आहे? तिला ती देवाच्या कोनाड्यासारखी दिसली असणार, सोयीची, झाकलेली. कोनाडा दिसला की त्यात काहीतरी लावणारच ती. खिडकीबाहेर बघत मी मनातल्या मनात तिच्याशी चांगली कडाकडा भांडले, आणि गेल्यापासून पहिल्यांदाच ती जवळपास असल्यासारखं वाटलं.

"अण्णा, साफ करायचं तर सगळं काढावं लागेल. कानाकोपऱ्यातलंसुद्धा. काढू का?"

ते बराच वेळ त्या यंत्राच्या पाठीकडे तोंड करून बसले. त्यांना ती दिसत नव्हती हे मला माहीत होतं.

"काढ," ते शेवटी म्हणाले. "तिला पाया हवा होता."

मी काढलं. पाकळी न् पाकळी स्पिरिटनं पुसली. काही गंजून गेल्या होत्या, त्या हळूच खरवडल्या, चिमट्यानं वाकवून पुन्हा घट्ट केल्या. लाल फडक्यांचा ढीग खिडकीत साठला. मी ती टाकायला उचलली तर अण्णा म्हणाले, "राहू देत तिथंच." मी राहू दिली.

यंत्र जागेवर ठेवलं, तोंड पुढे, पाठ भिंतीकडे. कार्ड लावलं. कार्डावर मोजलं, पाच. हलत नाहीत. बटण दाबलं. मेमरी मोजत गेली, जिथे मान टाकायची तिथून पुढे गेली, आणि शेवटपर्यंत जाऊन थांबली. अण्णांनी पाठ असल्यासारखी बटणं दाबली.

पंचम वाजला. जोडाच्या दोन वाजल्या. मग थोडं थांबून, टीव्हीच्या त्या फुटक्या स्पीकरमधून, खालून कुठून तरी खर्ज आला. घुमला म्हणवत नाही. घरघरला. पण आला, आणि पुन्हा पंचम सुरू झाला, आणि पुन्हा फिरून खर्ज. अण्णा डोळे मिटून ऐकत होते आणि त्यांचा हात मांडीवर चौथ्या तारेला बरोबर पडत होता.

"काय रे नूर?"

नूरचाचांनी कान टीव्हीला लावला. मान हलवली.

"खर्ज थोडा चढलाय, सर."

"ती पण हेच म्हणाली असती."

"वहिनी नसत्या बोलल्या. त्यांनी नुसतं बघितलं असतं तुमच्याकडं."

अण्णांनी एक आकडा बदलला. मग अजून एक. नूरचाचा "अजून... अजून... बास" म्हणाले तेव्हा दुपारची ताटं करायची वेळ झाली होती. तो तंबोरा आम्ही जेवतानाही बंद केला नाही. सतरंजीची जागा रिकामीच होती आणि दारातही कुणी नव्हतं, पण अण्णा अधूनमधून दाराकडे बघत जेवले.

ताट पुसता पुसता ते म्हणाले, "बॅग कुठली घ्यायची?"

ते पुण्याला आले. यंत्र त्यांनी स्वतःच्या मांडीवर घेऊन आणलं, कुणाला हात लावू दिला नाही. मी गाडीत खिडकीला डोकं टेकून सगळा प्रवास झोपले.

त्याच वर्षीच्या खंडेनवमीला माझी सकाळपासून धावपळ चालली होती. सुट्टी होती, पण आदल्या आठवड्याचा थकवा अंगात होता. विळी, मिक्सर, मुलीचा लॅपटॉप, माझा मल्टिमीटर, सगळं दिवाणखान्यात मांडत होते. अण्णा आंघोळ करून आले. त्यांनी काठी घेतली, चपला शोधल्या. मी मनात म्हटलं, चालले. एवढं सगळं होऊनही, चाललेच.

"कुठं निघालात? इथली माणसं रस्त्यात गाड्या कशा चालवतात, माहितीय ना?"

"खालच्या बागेत बसतो." दारात ते थांबले. माझ्याकडे पाठ होती. "मी तासाभरानं येतो. तोवर तुमचं काय ते उरकून घ्या."

"बरं," मी म्हटलं.

ते जाईनात. काठी जमिनीवर एकदा टेकवली, दुसऱ्यांदा टेकवली.

"टेबल मी भिंतीपासून जरा पुढं ओढून ठेवलंय," अण्णा म्हणाले, आणि दार ओढून घेऊन जिना उतरायला लागले.

मी त्यांच्या खोलीत गेले. टेबल खरंच पुढे ओढलेलं होतं, यंत्रामागे हात जाईल एवढं. एवढं जड टेबल त्यांनी एकट्यानं कसं ओढलं देव जाणे. मी तबक आणलं. कार्ड आणि फट यांच्यावर आधी चिकटपट्टी लावली, नीट, कडा दाबून. मग तेलाचं बोट लावलं, आणि त्यावर कुंकू.